शपथेवर सांगते

धोक्याची घंटा वाजली तेव्हा ती कोर्टाच्या तिसऱ्या मजल्यावर, भिंतीशी टेकून, चपलेचा तुटलेला पट्टा पिनेनं जोडत होती.

बघता बघता मजला रिकामा झाला. वकील काळे कोट सावरत जिन्याकडे धावले, त्यांच्यामागे कारकून, कारकुनांमागे पक्षकार. वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडणारे दोघे भाऊ त्या दिवशी एकमेकांचा दंड धरून खाली उतरले. तीही चप्पल हातात घेऊन पळाली आणि वळणावर तिनं सहज मागे पाहिलं.

व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीच्या उजेडात, एक तरुण फाइल वाचत बसला होता. निवांत. अंगठ्यानं पान उलटत.

"अहो! ऐकू येत नाही का?" ती ओरडली.

येत नव्हतं.

सगळा मजला त्याच्या समोरून पळाला होता. शंभरेक माणसं! आणि एकानंही त्याच्या खांद्याला हात लावला नव्हता.

ती उलटी धावत गेली, तिनं त्याचा खांदा हलवला, आणि चपलेसकट हात उडवत लहानपणापासून येणाऱ्या भाषेत सांगितलं, "आग! चल! लवकर!"

तो दचकला. तिच्याकडे, मग चपलेकडे बघत राहिला. मग फाइल छातीशी धरून तिच्यामागे जिना उतरू लागला.

खाली आवारात कळलं की आग-बीग काही नाही, नुसती तालीम होती. माणसं हसत, शिव्या देत परत फिरली. ती मात्र तिथेच थांबली. तिनं खुणेनं विचारलं, "तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?"

"विसरतात," तो हातांनी म्हणाला. (त्या दोघांचं सगळं बोलणं असंच, हातांनी, पण हातांना वेलांट्या-उकार नसतात म्हणून ते आपण साध्या शब्दांत सांगू.) "वाईट हेतू नसतो कुणाचा. पण तू ही खूण कुठे शिकलीस?"

"आगीची? घरी. बाबांकडून. ते छापखान्यात आहेत, त्यांनाही ऐकू येत नाही. का?"

तो ओठ दाबून हसला. "आमच्या शाळेत त्या खुणेचा अर्थ 'लग्न' होतो. तू धावत आलीस, हातात चप्पल... आणि म्हणालीस, 'लग्न! चल! लवकर!'"

ती लाल-लाल झाली. "आणि तुम्ही आलात?"

"विचारणाऱ्याच्या हातात चप्पल होती. नाही कसं म्हणणार?"

तो शिकाऊ वकील होता. कायद्याची परीक्षा झाली होती, आता कुणा अनुभवी वकिलाच्या हाताखाली वर्षभर काम केलं की सनद मिळणार होती. त्याला हाताखाली घेणाऱ्या वकीलबाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. पोलीसही, आणि दबकत दबकत न्यायाधीशही. केस पांढरे, आवाज खणखणीत, तोंडात कायम लवंग. आठवड्याभरानं त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"दुभाषी आहेस ना? कोर्टाच्या यादीत नाव आहे तुझं. माझ्या या पोराला पक्षकारांशी बोलायला माणूस हवं. मी खुणा करते तर तो म्हणतो, बाई, तुम्ही आत्ता मला 'म्हैस उडाली' असं सांगितलंत."

ती रुजू झाली.

दुभाष्याचा एक नियम असतो. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. 'ते म्हणतात की' असलं काही नाही. आपण नाहीच असं समजून बोलायचं. ती त्यात पटाईत होती. पण पक्षकारांची पंचाईत व्हायची. आवाज इकडून येतो आणि वकील तिकडे बसलाय. ते बिचारे तिच्याकडेच बघून बोलायचे. एकदा कारखान्यात हात गमावलेला एक कामगार अर्धा तास तिच्याकडेच बघत राहिला. शेवटी शिकाऊ वकिलानं टेबलावर टकटक केली आणि हातांनी काहीतरी सांगितलं. ते तिच्याबद्दलच होतं. पण नियम म्हणजे नियम.

"काका, माझ्याकडे बघून बोला," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य कसंबसं ओढून काढलं, "तिच्याकडे बघायचं काम... माझं आहे."

कामगार खो-खो हसला. शिकाऊ वकील मख्ख चेहऱ्यानं कागदावर काहीतरी लिहीत राहिला.

"हे बरं नाही हं," नंतर ती फणकारली. "माझ्याच तोंडून माझी थट्टा?"

"तुझा आवाज कसा आहे मला माहीत नाही. पण लोकांचे चेहरे बघून वाटतं, छान असावा. म्हणून चांगली वाक्यं देतो." मग जरा थांबून, "एक विचारू? आपल्या भाषेत नुसतं बोट दाखवायचं असतं, अहो-जाहो नसतंच. पण तू मनात मला काय म्हणतेस... अहो की अरे?"

तिनं पुढची फाइल उघडली. त्या दिवसापासून मनातलं 'अहो' मात्र कुठेतरी गळून पडलं.

हिवाळा सरत आला आणि नोटीस आली. कामगाराच्या खटल्यात कारखान्याच्या वकिलानं तक्रार केली होती, आणि वकील परिषदेनं शिकाऊची नोंदणी रद्द का करू नये म्हणून विचारलं होतं. बाईंनी नोटीस मोठ्यानं वाचली. त्या वाचत गेल्या तसं ती हातांनी सांगत गेली, सांगता सांगता तिचेच हात जड होत गेले. "तोंडी युक्तिवाद हा वकिलीचा प्राण असून, ज्याला ऐकू येत नाही अशा व्यक्तीस... शिवाय पक्षकाराची गुपितं एका तिऱ्हाईत स्त्रीसमोर उघड होत असल्यानं..."

ती थांबली. तिऱ्हाईत स्त्री म्हणजे ती. त्याच्याविरुद्धचा पुरावा तीच होती!

"असं करता येतं?" ती बाईंना म्हणाली. तिचा विश्वासच बसेना. "इतक्या शिकलेल्या माणसांना असं लिहिता येतं?"

"लिहिता सगळं येतं. टिकत नाही," बाई लवंग चावत म्हणाल्या. "हे बघ पोरी. आपल्या देशानं मानवी हक्कांच्या करारावर सही केलीय. अपंगत्व आहे म्हणून कुणाला कामधंद्यातून हाकलता येत नाही. सोय करून देणं हे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे. वकिलाला धाकाशिवाय काम करता आलं पाहिजे, आणि वकील व्हायची वाटही भेदभावानं अडवता येत नाही. हे संरक्षण सनद मिळाल्यावर सुरू होत नाही, शिकाऊ असल्यापासून लागतं. आणि गुपिताचं म्हणशील तर माझा कारकून माझे सगळे कागद वाचतो. तो जसा बांधलेला, तशी तू."

"तुला राग नाही येत?" तिनं त्याला विचारलं.

"येतो. पण रोज किती करणार? थोडा सुनावणीसाठी ठेवलाय." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. तेवढंच बघून तिला कळलं, की या माणसाला दुखलं तर आपल्याला दुखतं. हे कधी झालं, कसं झालं... तिलाच धक्का बसला.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल होतं, पाण्याचे झाकलेले ग्लास, आणि कोपऱ्यात सगळं टिपणारा कॅमेरा. टेबलामागे तीन सदस्य. मधले अध्यक्ष वयस्कर. मान पुढे काढून ऐकायचे. तिनं शपथ घेतली, "जे ऐकेन, जे पाहीन, ते जसंच्या तसं सांगेन, वाढवणार नाही, गाळणार नाही."

परिषदेचे वकील अतिशय गोड बोलणारे होते. तेच भयंकर होतं. "आम्हाला यांच्याबद्दल सहानुभूतीच आहे," ते म्हणाले. "पण न्यायाधीश कधी हळू पुटपुटतात, साक्षीदार रडत रडत बोलतो. ते यांना कसं कळणार?"

त्यानं हात उचलले आणि ती बोलू लागली, "अध्यक्षमहाराज, आपण मघापासून माझ्या विद्वान मित्रांना तीन वेळा 'पुन्हा सांगा, नीट ऐकू आलं नाही' म्हणालात. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी मागतोय ती सोय याहून फार मोठी नाही."

अध्यक्षांचा हात नकळत कानाशी गेला. बाईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंड लपवलं.

परिषदेचे वकील मात्र चिडले. आपल्या सहायकाकडे झुकून ते काहीतरी बोलले. हळू, पण ऐकू येईल इतपत. ते तिनं ऐकलं आणि ती गारठली. त्यानं भुवया उंचावून विचारलं, काय? तिच्या हातांनी काहीतरी सांगितलं. मग वकील पुन्हा गोड झाले.

"उत्तर तर हुशारीचं आहे. पण हुशारी कुणाची? यांची, की या दुभाषीबाईंची? आम्हाला खुणा कळत नाहीत. मला विचारू द्या, या दुभाषीचं आणि तुमचं काही नातं आहे का?"

तिनं प्रश्न जसाच्या तसा त्याच्यापर्यंत पोचवला. मनात मात्र ती विनवत होती. नाही म्हण. नुसतं नाही म्हण, आणि संपव!

तो तिच्याकडे बघत राहिला. खोटं बोलणं त्याला जमायचं नाही हे तिला माहीत होतं. मग त्याचे हात सावकाश हलले.

"काय म्हणाले ते?" अध्यक्षांनी विचारलं. "दुभाषीबाई, मोठ्यानं सांगा."

तिनं शपथ घेतली होती.

"मी..." ती म्हणाली, "माझं... माझं तिच्यावर प्रेम आहे. रक्ताचं नातं नाही. तिच्या बाजूनं काय आहे ते मला माहीत नाही... विचारायचा धीर झाला नाही. पण ती एक शब्दही इकडचा तिकडे करायची नाही. म्हणून तर..." तिचा आवाज फाटला. "म्हणून तर हेसुद्धा ती तुम्हाला सांगेल."

सहायकाच्या हातातलं पेन खाली पडलं.

मग तिला काय झालं कोण जाणे. ती ताडकन उठली. "अध्यक्षमहाराज, आता मी माझ्या वतीनं बोलते. शपथेवर सांगते, माझंही यांच्यावर प्रेम आहे. आत्तापर्यंत मी खरंच भाषांतर केलं. यापुढे मला तटस्थ राहता येणार नाही. मला मोकळं करा."

एकच गलका झाला. "बघा! सगळी साक्षच बाद!" परिषदेचे वकील ओरडले. बाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज भिंतींना धडकून आला, "साक्ष का बाद? कॅमेरा आहे ना! परिषदेनं आपल्या खर्चानं दुसरा दुभाषी आणावा आणि शब्द न् शब्द तपासावा. ज्याची सुनावणी त्याला कळेल अशा भाषेत व्हावी, हा त्याचा हक्क आहे!"

अध्यक्षांनी ते मानलं. पुढची तारीख दिली, आणि तिला बजावलं, "तुम्ही आता साक्षीदार आहात. निकाल लागेपर्यंत यांच्याशी भेट, निरोप, काही नाही."

ती बाहेर पडली ती उडतच. पायऱ्या उतरताना वाटत होतं, सांगून टाकलं! भर सभेत सांगून टाकलं!

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "पोरी, तो जेवत नाहीये. त्याला वाटतंय, त्याच्या बोलण्यानं तुझा अपमान झाला आणि तू रागावून काम सोडलंस."

"रागावून? पण मी सगळ्यांसमोर सांगितलं ना, की माझंही—"

"कशानं सांगितलंस?"

"म्हणजे?"

"तोंडानं सांगितलंस, बाळ."

जन्मात पहिल्यांदा ती स्वतःसाठी बोलली होती, आणि तिचे दोन्ही हात टेबलावर घट्ट टेकलेले होते. अख्ख्या खोलीला कळलं होतं. दारावरच्या शिपायालासुद्धा. फक्त त्याला नाही. घंटा वाजत असताना त्याच्या समोरून पळून गेलेली शंभर माणसं तिला आठवली, आणि त्या शंभरांत आता आपणही एक.

"बाई... तुम्ही सांगा ना त्याला."

"मुळीच नाही. अध्यक्षांचा हुकूम आहे. आणि असल्या निरोपाला वकील लावायचा नसतो."

घरी बाबांना तिनं सगळं सांगितलं. बाबा आधी आ वासून बघत राहिले, मग पोट धरधरून हसले. "माझी मुलगी असून?" ते हातांनी म्हणाले. "सगळ्या जगाला सांगितलंस, आणि नवरदेवाला वगळलंस?"

"नवरदेव काय बाबा! तिथे त्याची सनद जातेय..." आणि ती रडायलाच लागली. बाबांनी हसू आवरलं. शाईनं काळ्या झालेल्या बोटांनी तिचे डोळे पुसले आणि म्हणाले, "तो इतकी वर्षं थांबून वकील होतोय. एका वाक्यासाठी थांबेल."

पुढच्या तारखेला नवा दुभाषी आला. टक्कल पडलेला, हडकुळा, चेहऱ्यावर इस्त्री मारल्यासारखा माणूस. तिला साक्षीदाराच्या खुर्चीत बसवलं, बरोबर शिकाऊ वकिलासमोर. तो वाळला होता. तो तिच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे बघत होता. हुकूम होता, तिनं हात मांडीखाली दाबून धरले.

कारकून मागचं टिपण वाचू लागला, "दुभाषी यांनी शपथेवर सांगितलं की त्यांचंही—"

"ते राहू द्या," अध्यक्ष घाईनं म्हणाले. "प्रकरणाच्या बाहेरचं आहे ते."

सगळी खोली गालात हसली. नव्या दुभाष्यानं अर्धवट राहिलेलं वाक्य अर्धवटच सांगितलं. शिकाऊ वकील एकेकाचं हसू बघत राहिला, गोंधळून, कानकोंडा होऊन. तिला वाटलं, धावत जावं... पण खुर्चीला खिळून राहावं लागलं.

मग नव्या दुभाष्यानं आपला अहवाल दिला. "मी सगळं चित्रण पाहिलं. भाषांतर अचूक आहे. एका जागेखेरीज."

बाईंनी लवंग चावणं थांबवलं.

"या ठिकाणी परिषदेचे वकील काहीतरी बोलले. या दुभाषीबाईंनी खुणेनं सांगितलं, 'ते आपसांत बोलताहेत.' प्रत्यक्षात बोलले ते वेगळं."

"लावा," अध्यक्ष म्हणाले.

आवाज वाढवून ते चित्रण लावलं गेलं. आणि त्या खोलीत, सगळ्यांसमोर, तो गोड आवाज स्वच्छ ऐकू आला, "मुक्याची वकिली आणि पोरीची जीभ! उद्या आंधळे न्यायाधीश आणा."

नव्या दुभाष्यानं ते जसंच्या तसं त्याला सांगितलं. एक खूणही न गाळता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

परिषदेच्या वकिलांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. अध्यक्षांनी चष्मा काढला. "हे... हे इथे बोललं गेलं? माझ्यासमोर?" मग तिच्याकडे वळून, "बाई, तुम्ही हे गाळलंत. शपथ मोडलीत. का?"

"मोडली," ती म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही. "ऐकलं तेव्हा माझा कानांवर विश्वास बसेना. माझ्या बाबांनाही ऐकू येत नाही. तो शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि दर वेळी घरी आल्यावर 'काही नाही' म्हणत आलेय. हात वळलेच नाहीत. चूक माझी. शिक्षा मला द्या, त्यांना नका देऊ."

हडकुळा दुभाषी तिचं प्रत्येक वाक्य त्याला सांगत होता. आता तो तिच्या हातांकडे नाही, चेहऱ्याकडे बघत होता.

सदस्य उठून आतल्या खोलीत गेले. परत आले तेव्हा अध्यक्षांनी निकाल वाचला. सगळे पुढे झुकून ऐकत होते, फक्त शिकाऊ वकील मान ताठ ठेवून नव्या दुभाष्याचे हात वाचत होता. नोंदणी कायम. दुभाषी हा तिऱ्हाईत नव्हे. वकिलाच्या कारकुनासारखाच तो गुपिताला बांधलेला. सोय पुरवणं परिषदेचं काम, आणि यापुढे हा नियम प्रत्येक शिकाऊला लागू. परिषदेच्या वकिलांना लेखी माफी मागायची होती. तिला ताकीद मिळाली. तीही, बाई नंतर म्हणाल्या, अध्यक्षांनी इतक्या हळू आवाजात वाचली की त्यांनाच ऐकू आली नसेल.

ती व्हरांड्यात येऊन उभी राहिली. तो बाहेर आला. दोन पावलांवर थांबला. भोवती माणसं ये-जा करत होती.

"नोंदणी राहिली," तो म्हणाला.

"पाहिलं."

"त्या दिवशी तू काय बोललीस? सगळ्यांना माहीत आहे. शिपाई मला बघून हसतो. कारकुनानं परवा माझी पाठ थोपटली. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, अपील कर." त्याचे हात भरभर चालले होते, मग एकदम मंदावले. "मी तसं बोलायला नको होतं का? तुला... तुला राग आला?"

तिनं हात वर केले. आणि काय सांगावं, पाळण्यात असल्यापासून ही भाषा बोलणारी ती मुलगी, तिचे हात चक्क अडखळले! बोटं बोटांत अडकली. दुसऱ्यांची किती वाक्यं या हातांतून गेली होती... स्वतःचं असलं वाक्य हे पहिलंच.

तेवढ्यात हडकुळा दुभाषी दारातून बाहेर आला. त्याची नजर तिच्या हातांवर पडली, आणि त्या इस्त्रीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच एक सुरकुती हलली. त्यानं मुकाट्यानं पाठ फिरवली आणि भिंतीवरच्या जुन्या सूचना वाचत उभा राहिला. चोरून ऐकू नये, एवढी सभ्यता त्याच्यापाशी होती.

"मी म्हणाले," तिनं सावकाश, एकेक खूण नीट उमटवत सांगितलं, "की माझंही तुझ्यावर प्रेम आहे. शपथेवर. सगळ्यांसमोर. आणि तुलाच सांगायचं राहिलं."

आधी त्याचे डोळे विस्फारले, मग ओठ उघडले, मग सगळा चेहराच विरघळल्यासारखा झाला.

"अरे," ती म्हणाली, म्हणजे बोट दाखवून, पण त्याला बरोबर कळलं, 'अहो' नव्हे. "काहीतरी बोल ना..."

त्यानं बोलायला हात उचलले. पण बोलला नाही. पुढे होऊन तिचे दोन्ही हात त्यानं आपल्या हातांत घट्ट धरले. आता तिला काही सांगता येईना, आणि त्यालाही.

जिन्यातून बाईंचा खणखणीत आवाज आला, "अरे पोरांनो, उद्या कामगाराची तारीख आहे! तयारी कोण करणार, माझी आजी?"

तिला ऐकू आलं. तिनं त्याला सांगितलं नाही.